दोन मिनिटं हालचाल नसेल तर

टप्.

मग बराच वेळ काहीच नाही. जुई नुकतीच झोपली होती, तोंड उघडं टाकून, एक पाय माझ्या मांडीवर. दुपारचे अडीच. या वेळात घरात जी शांतता उतरते तिची मी सकाळपासून वाट पाहत असते. कधी लिहिते, कधी नुसती भिंतीला टेकून बसते. पुन्हा टप्. टप् टप्. आणि मग बाल्कनीच्या पत्र्यावर सरळ धारच लागली.

गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. जुईचा पाय हळूच उचलून उशीवर ठेवला आणि खाली वॉचमनला फोन लावला.

"बनसोडेकाका, मोटर बंद करा. टाकी भरली."

"आत्ता तर लावली होती. तुम्हाला घरात बसून कसं कळतं हो मॅडम?"

"ऐकू आलं," मी म्हटलं.

धार थांबली. थेंब उरले, तेही थांबले. जुईनं कूस बदलली पण जागी झाली नाही. मी वही उघडली. 'ऐकू आलं' हे दोन शब्द मी याआधीही एकदा असेच, मोटरच्याच निमित्तानं म्हटले होते. बार्शीला. जुई तेव्हा नव्हती, तिचे बाबाही नव्हते. मी सव्वीस वर्षांची होते आणि लोकांचे दिवे बंद करणं हे माझं काम होतं.

पुण्यातल्या एका कंपनीचा ट्रस्ट होता. वसतिगृहं, वृद्धाश्रम, बालगृहं अशा संस्थांच्या गच्चीवर तो सोलर पॅनल आणि बॅटऱ्या बसवून द्यायचा, पण एका अटीवर. संस्थेनं आधी आपला विजेचा वापर चौथ्या हिश्शानं कमी करून दाखवायचा. "गळक्या माठात आपण पाणी भरत नाही," आमचे साहेब म्हणायचे. गळती कुठं आहे ते शोधायला मी बॅगेत मीटर, टेस्टर आणि वही टाकून एस.टी.नं गावोगाव हिंडत असे.

बार्शीच्या बाहेर, परांड्याच्या रस्त्याला, कर्णबधिर विद्यालयाचं मुलींचं वसतिगृह होतं. बासष्ट मुली. अधीक्षिका नलिनीताई बुरांडे, पन्नाशीच्या, काटकुळ्या, केसांची घट्ट गाठ मारलेल्या. बोलताना त्यांचे हातही बोलत, समोर माझ्यासारखं ऐकू येणारं माणूस असलं तरी.

"बॅटरी कधी मिळेल तेवढं सांगा," पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या. "पॅनल मागनं दिलंत तरी चालेल."

"बॅटरीची घाई का?"

"संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ आमच्याकडे लाईट नसते. आठवड्यातनं चार दिवस. पोरी नुसत्या बसून राहतात."

"अभ्यास बुडतो," मी म्हटलं आणि वहीत लिहून घेतलं, अभ्यास.

ताईंनी माझ्या वहीकडे पाहिलं. काही म्हणणार होत्या, पण दारातून कोणी तरी मुलगी हात हलवत आली आणि ते राहूनच गेलं.

मुदत एकतीस मार्चची होती. जानेवारीत मी जुन्या ट्यूब काढून नव्या एलईडी लावून घेतल्या, स्वयंपाकघरातला म्हातारा फ्रिज हलवला, पंख्यांचे रेग्युलेटर बदलले. आणि जेवणाच्या हॉलमध्ये, व्हरांड्यात, न्हाणीघरात सेन्सर बसवले. खोलीत दहा मिनिटं कुणी हाललं नाही की दिवा आपोआप बंद; कुणी हाललं की चालू. हॉलबद्दल मी वहीत खास नोंद केली होती, 'जेवणं संपल्यावर तास तासभर आठही ट्यूब विनाकारण चालू'. मुली ताटं घासून परत हॉलमध्ये येऊन बसत. मला ते कारण वाटलं नव्हतं.

मुलींचं आणि माझं छान जमलं होतं. मी गेटातून आत शिरले की त्या लांबूनच हात वर करत, पाचही बोटं उघडी, आणि मग ती मिटून मूठ करत. मीही तशीच मूठ मिटून उत्तर देई. पन्नास-साठ मुठी. त्या खूप हसत. मला वाटे, काय प्रेमळ पोरी आहेत.

फेब्रुवारीच्या शेवटी मी पुन्हा गेले आणि मीटर वाचला. अठरा टक्के. पंचवीस हवे होते.

"सात टक्क्यांनी काय होतंय एवढं," नलिनीताई म्हणाल्या. "तुमच्या साहेबांना सांगा, बाकीचं आम्ही पुढच्या वर्षी करू."

"साहेब ऐकायचे नाहीत, ताई."

"आमच्यातलेच म्हणायचे मग," ताई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

मी सगळी इमारत पुन्हा पालथी घातली. एक बोअरची मोटर तेवढी मोठी होती, तीन हॉर्सपॉवरची. ती दत्तूमामांकडे होती. दत्तूमामा याच शाळेत शिकलेले, त्यांनाही ऐकू येत नसे. गेट, बाग आणि मोटर ही तिन्ही खाती त्यांची. मोटर किती वेळ चालते असं मी खुणेनं विचारल्यावर त्यांनी मनगटावर बोट ठेवलं आणि दोन बोटं दाखवली. दोन तास. मग सकाळचा सूर्य दाखवला, दुपारचा दाखवला. दोन्ही वेळा. मी लिहून घेतलं. पाण्याला लागतं ते लागतंच, पाण्यात काय काटकसर करायची?

दुपारी हौसाबाईंनी जेवायला वाढलं. अळूची पातळ भाजी, शेंगदाणे घातलेली, आणि ज्वारीची भाकरी.

"एवढं हिरवंगार अळू? बार्शीत? या दिवसांत?"

"मागल्या भिताडाकडं येतंय," हौसाबाई म्हणाल्या. वसतिगृहाचा सगळा स्वयंपाक त्या एकट्या करत. "केळ बी हाय. आमच्या दत्तूच्या हाताला गुण हाय ओ. वाढू का आनिक?"

मी आणखी घेतलं आणि जेवता जेवता ठरवून टाकलं. दहा मिनिटांचं दोन करायचं. हॉलमध्ये दोन मिनिटं हालचाल नसेल तर दिवा बंद. जेवून झाल्यावर स्टुलावर चढून सेन्सरच्या मागचं बारीक बटण स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवलं. मुली खालून बघत होत्या. एकीनं माझ्याकडे बघून मूठ मिटली. मी एका हातानं सेन्सर धरून दुसऱ्या हातानं मूठ मिटली.

संध्याकाळच्या जेवणाला मी थांबले, बदल नीट चालतो का बघायला. गुरुवार होता, गुरुवारी लाईट जात नसे. त्यात मागच्या वस्तीवर म्हैस व्याली होती आणि त्या लोकांनी पहिल्या दिवसाचा चीक वसतिगृहाला आणून दिला होता, दर वेळी देत तसा. हौसाबाईंनी गूळ-वेलदोडा घालून खरवस केला होता. साठ वाट्यांत पुरवायचा म्हणून वड्या बारीक पाडल्या होत्या.

बासष्ट मुली जेवतात तिथं शांतता असते असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. ताटं आपटतात, वाट्या घरंगळतात, गळ्यातून हसू येतं, पाण्याचे पेले आदळतात. कुणालाच आवाज जपायचा नसतो. आणि हात तर थांबतच नाहीत. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातानं गप्पा.

"ती खांबामागची," नलिनीताई माझ्या शेजारी बसता बसता म्हणाल्या. "हिरवा फ्रॉक. छबू."

मी पाहिलं. अकराएक वर्षांची असेल. भुवईवर जुनी खूण. मान खाली घालून जेवत होती.

"जूनमध्ये आली. त्याआधी शाळाच नाही. आईबाप ऊसतोडीला, ही आजीपाशी. दाखवलेल्या खुणा शिकली. भाकरी विचारलं की भाकरी दाखवते, पाणी विचारलं की पाणी. पण आपणहून एक शब्द नाही. आठ महिने झाले."

"रुळेल हळूहळू."

"रुळली आहे. रडत नाही, जेवते नीट. पण बोलत नाही." ताईंनी भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवला. "उन्हाळ्यात तिचा मामा न्यायला येईल. बघेल, पोरगी गेली तशीच आली. म्हणेल, राहू दे घरी, म्हातारीला सोबत होईल. पुष्कळींचं असं झालंय. जूनमध्ये आम्ही गेटाकडे बघत बसतो."

हौसाबाई खरवस वाढत पंगतीतून पुढं गेल्या. छबूच्या वाटीत वडी पडली. तिनं ती उचलली, नाकाशी नेली, आणि तोंडात न घालता परत ठेवली.

मग तिनं शेजारच्या मुलीच्या गुडघ्यावर थाप मारली.

शेजारणीनं वर पाहिलं. छबूचे दोन्ही हात वर आले होते. शेजारणीचं चावणं थांबलं. तिनं डोळे न हलवता पायानं जमिनीवर धप् धप् केलं. फरशीतून हादरा गेला तशा पुढच्या मुली वळल्या, त्यांनीही धप् धप् केलं, आणि बघता बघता सगळी पंगत खांबाकडे वळली. हौसाबाई हातात परात घेऊन उभ्याच राहिल्या.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"शूः," ताई म्हणाल्या, जणू काही माझ्या आवाजानं कुणाचं लक्ष जाणार होतं. मग अगदी हलक्या आवाजात, छबूच्या हातांवरची नजर न काढता सांगू लागल्या. "घर... आमचं घर. म्हैस." ती खूण मलाही कळली, कपाळापासून मागं वळलेली दोन शिंगं. "पोट. मोठं पोट. गाभण. आजी नाही... आजी गेलेली, बाजाराला असेल. कुणी नाही. मी. मी एकटी. म्हैस खाली बसली..."

छबूच्या खुणा शाळेतल्या नव्हत्या. निम्म्या गावच्या होत्या, निम्म्या तिनं तिथंच, त्या क्षणी घडवलेल्या. हात लहान लहान, छातीशी धरून हलत होते. एकही मुलगी हलत नव्हती. तोंडात घास तसाच. हात मांडीवर. एवढ्या माणसांनी मिळून इतकं ऐकलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

आणि दिवे गेले.

आठही. एकदम.

"गेली बाई," ताई अंधारात म्हणाल्या. "आज वार नव्हता, तरी गेली. बसा तुम्ही, टॉर्च आणते. हौसा, हलू नकोस, परात आहे हातात."

त्या भिंतीला धरून ऑफिसकडे गेल्याचा आवाज आला. मुली जागच्या जागी बसून राहिल्या. ती तिथली शिस्त होती. दोन वर्षांपूर्वी अंधारात एक मुलगी उठली आणि गरम आमटीच्या पातेल्याला धडकली, तेव्हापासूनची. लाईट गेली की असाल तशा बसायचं, शेजारणीच्या गुडघ्यावर हात ठेवायचा, उजेड येईपर्यंत हलायचं नाही. माझ्याही गुडघ्यावर कुणाचा तरी हात आला, खरवसानं चिकट झालेला. मी तशीच बसले.

बाहेर संध्याकाळ बुडाली होती. खिडक्या काळ्या. मी मनात म्हणत होते, नेमकी आत्ता. नेमकी आत्ताच लाईट जायची होती.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मिनिट, दीड मिनिट. मग माझ्या लक्षात आलं की मानेला वारा लागतोय. मी वर पाहिलं. दिसलं काहीच नाही, पण ऐकू आलं. घर्र, घर्र. डोक्यावर पंखा फिरत होता.

लाईट गेली नव्हती.

हॉलमध्ये दोन मिनिटं हालचाल नव्हती, एवढंच झालं होतं. सेन्सर दारावर होता; दिवे घालवल्यावर काही सेकंद तो आंधळाच असतो, म्हणून ताई उठून गेल्या तेही त्याला दिसलं नव्हतं. छबू खांबामागं होती. बाकीच्या एकसष्ट जणी ऐकत होत्या, आणि माझ्या यंत्राला वाटलं होतं इथं कुणीच नाही.

मी ताडकन उठले आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले.

लख्ख उजेड पडला. पंगतीच्या मधोमध मी हात वर करून उभी आणि सगळ्या माझ्याकडे बघतायत. पहिल्या ओळीतली एक मोठी मुलगी, बेबी नाव तिचं, माझ्याकडे बघून सावकाश पाच बोटं उघडते आणि मूठ मिटते. या वेळी कुणी हसलं नाही. माझा हात सवयीनं अर्धा वर गेला आणि तिथंच राहिला.

मी खांबाकडे पाहिलं. छबूचे हात नुकतेच खाली, मांडीवर येत होते. तिनं वडी उचलली आणि खाल्ली.

नलिनीताई टॉर्च घेऊन धावत आल्या त्या सरळ तिच्यापुढं उकिडव्या बसल्या. मग? त्यांचे हात विचारत होते. मग? म्हैस बसली, मग? छबूनं त्यांच्याकडे पाहिलं. वाटीच्या तळाला बोट फिरवून चाटलं आणि पुन्हा मान खाली घातली.

जेवणं आवरल्यावर मी स्टूल ओढलं. हॉलचा सेन्सर तारांसकट उपटून काढला आणि साधं बटण परत जोडलं. ताई खाली स्टूल धरून उभ्या होत्या.

"माझ्यामुळं झालं," मी वरूनच म्हटलं. खाली उतरून त्यांच्या तोंडाकडे बघून बोलायचं धाडस नव्हतं.

"आमचंही चुकलंच. सांगायला हवं होतं तुम्हाला. वाटलं, दिसतंय की समोर, त्यात काय सांगायचं. तुम्ही वहीत 'अभ्यास' लिहिलंत ना, त्या दिवशी? अभ्यास कसाही होतो हो. दुपारी होतो, सकाळी होतो. संध्याकाळी जेवल्यावर पोरी इथं बसतात त्या बोलायला. दिवसभराचं. घरचं. एकमेकींच्या चहाड्या. दिवा नसला की बोलणं बंद. चार दिवस आठवड्यातनं, दोन दोन तास, बासष्ट पोरी तोंड बांधल्यासारख्या."

मी खाली उतरले.

"आणि ती मूठ?" मी विचारलं. "ती करतात ती?"

ताईंना हसू आवरेना. "ते तुमचं नाव आहे. इथं प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. मी म्हणजे केसांची गाठ. दत्तू म्हणजे गेटाची कडी. तुम्ही म्हणजे दिवा बंद."

जानेवारीपासून मी प्रत्येकीला हसून हसून सांगत होते, मी दिवा बंद, मी दिवा बंद.

"सेन्सर काढला की अठरावरनं खाली येणार आपण," जरा वेळानं मी म्हटलं. "पंधरावर. मग बॅटरी नाही मिळायची, ताई."

"माहितेय," त्या म्हणाल्या. "पण आहे तेवढ्या दिव्यात तरी बोलू दे त्यांना."

दुसऱ्या दिवशी मी परतणार होते. दुपारची एस.टी. मुद्दाम सोडली. का, ते धड मलाही सांगता आलं नसतं; छबू पुन्हा हात वर करेल असं वाटत होतं बहुतेक. शाळा पुढच्या इमारतीत भरली होती. हौसाबाई घरी गेल्या होत्या. तीन वाजता मी मागच्या व्हरांड्यात एकटी, वही मांडीवर उघडी टाकून बसले. मोटर सुरू झाल्याची घरघर आली. याआधी प्रत्येक वेळी मी हॉल आणि खोल्यांमधल्या दिव्यांपाशीच अडकलेली; तीनला या बाजूला कधी बसलेच नव्हते.

चार वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा ते ऐकू आलं.

टप्. टप् टप्. आणि मग धार.

मी उठून भिंतीला वळसा घातला. टाकीच्या नळकांड्यातून मनगटाएवढी धार भिंतीवरून खाली पडत होती. भिंत शेवाळानं हिरवी. खाली अळूची पानं सुपाएवढी. त्यापलीकडं केळ, घड धरलेली. सगळं कसं तृप्त उभं होतं.

मी थांबले. चार वाजले. सव्वाचार. धार पडतेच आहे. बरोबर पाच वाजता दत्तूमामा हातातल्या घड्याळाकडे बघत आले आणि त्यांनी मोटर बंद केली. मला तिथं पाहून त्यांनी मूठ मिटली, आदरानं.

मी धावत जाऊन नलिनीताईंना घेऊन आले. त्यांच्या हातांकरवी विचारलं, टाकी भरली हे कसं कळतं?

दत्तूमामांना प्रश्नाचंच नवल वाटलं. दोन तास, त्यांनी दाखवलं. नेहमी दोन तास. मग मोठ्या चौकोनाची खूण केली.

"जुनी दगडी टाकी," ताई म्हणाल्या आणि बोलता बोलता थांबल्या. "ती पाच वर्षांपूर्वी काढली. फुटली म्हणून. ही प्लास्टिकची बसवली. ही निम्मी पण नाही त्याच्या..." त्यांनी कपाळाला हात लावला. "पाच वर्षं, दत्तू?"

"तुम्हाला कसं कळलं?" मग त्यांनी मला विचारलं.

"ऐकू आलं," मी म्हटलं. म्हणताना ओशाळले. त्या अंगणात ती काही फुशारकीची गोष्ट नव्हती.

तेवढ्यात हौसाबाई आल्या, त्यांनाही ताईंनी धरलं. "तुला तर ऐकू येतं ना ग? सकाळी दहाला तू इथंच असतेस. सांगायचं नाहीस?"

"आवं, मला वाटलं दत्तू अळूला पानी घालतोय," हौसाबाई म्हणाल्या. "दोन टायमाला. म्हटलं, किती मायेनं करतोय बिचारा."

ताईंनी ते खुणेनं दत्तूमामांना सांगितलं. ते आधी गोरेमोरे झाले, मग त्यांनाच हसू फुटलं. ते मोठ्यांदा, गळ्यातून हसले, आणि आम्ही तिघीही त्या शेवाळल्या भिंतीला टेकून हसत सुटलो.

मी बाजारातून तरंगता गोळा आणि लाल दिवे आणले. टाकी भरली की गोळा वर येणार आणि दोन दिवे लागणार, एक स्वयंपाकघराच्या दारावर, एक दत्तूमामांच्या गेटपाशी. दिवे बंद करत फिरणारी मी, त्या दिवशी पहिल्यांदा दोन दिवे जास्तीचे लावून निघाले. निघताना हौसाबाई पुटपुटल्या, "दिवा लावला आन माजं अळू घालवलं." दत्तूमामा पुढं भांडी घासलेलं पाणी बादलीनं नेऊन अळूला घालू लागले असं नंतर कळलं.

दहा मार्चला नलिनीताईंचा फोन आला. मला वाटलं मीटरबद्दल असेल.

"छबू भांडली," त्या म्हणाल्या.

"कुणाशी?"

"बेबीशी. भाकरीवरनं. हॉलमध्ये, जेवल्यावर. दहा मिनिटं भांडत होती हो. काय एकेक काढलं तिनं, मला निम्मं कळलं नाही. मी सोडवायला गेलेच नाही. बसून बघत राहिले."

एकतीस मार्चला अठ्ठावीस टक्के भरले. मे महिन्यात पॅनल चढले, बॅटऱ्या आल्या. जूनच्या पंधरा तारखेला शाळा उघडली तेव्हा मी मुद्दाम गेले. साडेसहाला लाईट गेली. रस्त्यापलीकडची घरं काळी झाली, आणि हॉलमध्ये आठही ट्यूब तशाच जळत राहिल्या. मुलींनी एकदा वर पाहिलं आणि गप्पा पुढं चालू केल्या. एवढाच समारंभ झाला.

छबू होती. मामानं स्वतः आणून सोडली होती. उन्हाळाभर आजीशी बोलून बोलून पोरीनं तिला बेजार केलं, असं तो ताईंना सांगून गेला होता. हात कसे थांबवायचे तेवढं शिकवा म्हणाला.

मी ताईंना म्हटलं, विचारा ना तिला. त्या दिवशीचं. पुढं काय झालं ते.

ताईंनी विचारलं. छबूनं माझ्याकडे, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि खांदे उडवून काही तरी चटचट केलं.

"सांगून झालंय म्हणते," ताई म्हणाल्या.

"कधी?"

"तेव्हाच. सगळं शेवटपर्यंत सांगितलं, म्हणते. सगळ्या बसल्या होत्या की समोर. आता परत कशाला?"

मला ते हात आठवले, दिवे आले तेव्हा सावकाश मांडीवर उतरणारे. अंधारात ती थांबलीच नव्हती.

ताईंनी तिला समजावायचा प्रयत्न केला, अंधार होता, कुणाला दिसलं नाही. छबूला ते काही पटलं नाही. ती उठून खेळायला गेली. जाता जाता वळली आणि मला हाक मारल्यासारखा हात वर केला. मिटलेली मूठ. मग ती मूठ तिनं उघडली, पाचही बोटं पसरून, वरून खाली उजेड पडतो तशी. दारातल्या दोघी-तिघींनी ते पाहिलं आणि त्यांनीही तसंच केलं.

"नाव बदललं तुमचं," नलिनीताई म्हणाल्या.

एवढं लिहून झालं तोवर साडेतीन वाजले होते. पेन ठेवून मी हात झटकला, मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली, उघडली.

"काय करतेस?" जुई जागी झाली होती. किती वेळ बघत पडली होती कुणास ठाऊक.

"माझं नाव सांगतेय."

ती उठून मांडीवर आली, अंग अजून झोपेनं गरम. मी तिला सांगितलं. हॉल, खांब, हिरवा फ्रॉक, वाटीतला खरवस. शिंगं करून दाखवली तशी तिनंही केली. म्हैस खाली बसली, घरात कुणी नाही, छबू एकटी, आणि दिवे गेले, इथं आल्यावर तिनं माझा हात घट्ट धरला. मग पंखा, मग उजेड, मग लाल दिवे, सगळं सांगितलं. मूठ कशी उघडायची तेही शिकवलं. तिनं दोन्ही हातांनी करून पाहिली.

मला वाटलं गोष्ट संपली. जुई मुठीकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "मग म्हशीला बाळ झालं का?"